पाळणाघरात मुलाला लागते तेव्हा

पाळणाघरात होणाऱ्या दुखापती बहुतांशी किरकोळ असतात. गुडघा खरचटतो, कपाळाला टेंगूळ येते, दारात बोट चेंगरते. चालायला लागलेले मूल धडपडणारच, आणि हे घरी आईच्या डोळ्यांदेखतही घडते. फरक पडतो तो त्यानंतर. घरी मूल पडले तर ते किती वाजता पडले, कशावर आपटले, लगेच रडले की गप्प झाले, हे सारे आईबापांना ठाऊक असते. पाळणाघरात ते फक्त सांभाळणाऱ्या बाईंना ठाऊक असते. दीड-दोन वर्षांचे मूल स्वतः काही सांगू शकत नाही. त्यामुळे पाळणाघरातल्या अपघातात खरी हकीकत वेळेवर कळणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

पुण्यातल्या एका नोकरदार जोडप्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. त्यांचा दीड वर्षाचा मुलगा दुपारी पाळणाघरात दिवाणावरून फरशीवर पडला. सांभाळणाऱ्या मावशींनी डोक्याला खोबरेल चोळले, थापटून निजवले आणि कामावर असलेल्या आईबापांना उगाच कशाला घाबरवायचे म्हणून फोन केला नाही. संध्याकाळी न्यायला आलेल्या आजोबांपाशीही त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मुलाला दोन उलट्या झाल्या. संशय डब्यातल्या खिचडीवर गेला आणि ओआरएस पाजणे सुरू झाले. रात्री कपडे बदलताना आईच्या हाताला कानाच्या वर मऊ सूज लागली, तेव्हा सगळे रुग्णालयात धावले. डॉक्टरांचे प्रश्न साधे होते: किती वाजता पडला, किती उंचीवरून, शुद्ध हरपली होती का, पडल्यावर किती वेळाने उलटी झाली. एकाचेही उत्तर कोणाकडे नव्हते. मावशींना फोन लावला, तर आधी त्या "पडलाच नाही" म्हणाल्या. सीटी स्कॅनमध्ये कवटीला बारीक तडा दिसला. मेंदूला इजा नव्हती, मूल देखरेखीखाली राहून बरे झाले. पण पडणे आणि तपासणी यांच्यामध्ये जे तास गेले, ते केवळ एक फोन न केल्यामुळे गेले.

डोक्याच्या मारात सगळ्यांना भीती वाटते ती कपाळावरच्या टेंगळाची, कारण ते दिसते. प्रत्यक्षात दोन वर्षांखालच्या मुलात कपाळ सोडून इतरत्र, विशेषतः कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला आलेली मऊ, पिचपिचीत सूज जास्त काळजीची असते. तीच गोष्ट उंचीची. या वयात साधारण तीन फुटांहून अधिक उंचीवरून पडणे डॉक्टर गंभीर धरतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याला मार बसला, तर ते हसतेखेळते दिसले तरी डॉक्टरांना दाखवावे. कोणत्याही वयाच्या मुलात पुढीलपैकी काहीही दिसले तर थांबू नये: क्षणभर का होईना शुद्ध हरपणे, पुन्हापुन्हा उलट्या, आकडी, नेहमीपेक्षा वेगळी ग्लानी, न थांबणारी किरकिर, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव, डोळ्यांतली एक बाहुली लहान आणि एक मोठी दिसणे, लहान बाळाची टाळू फुगणे. सुजेवर तेल चोळू नये, थंड पाण्याची घडी हलक्या हाताने ठेवावी. डोक्याला लागलेल्या मुलाला झोपूच देऊ नये, असे घरोघरी सांगितले जाते. पण मूल नीट वागत असेल आणि त्याची झोपेची वेळ झाली असेल, तर ते झोपले तरी चालते, मात्र मधूनमधून हलवून ते नीट जागे होते ना हे पाहावे लागते. ही नजर पुढचे दोन दिवस ठेवायची असते. म्हणजे रात्री ती आईबापांनी ठेवायची, आणि मूल पडल्याचे त्यांना ठाऊक नसेल तर ती ठेवली जात नाही.

भाजण्याच्या बाबतीत पहिल्या वीस मिनिटांना फार मोल आहे. चहा, वरण किंवा दूध सांडून पोळलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली पुरी २० मिनिटे धरावा. दुपारी नळाला पाणी नसते अशा ठिकाणी बादलीतले पाणी तांब्याने सतत ओतत राहावे. बर्फ लावू नये. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये, कारण त्याने जखम थंड होत नाही आणि डॉक्टरांना ते आधी पुसून काढावे लागते, तेव्हा मुलाला दुप्पट वेदना होतात. हातातले बिंदले, करगोटा, ओले कपडे लगेच काढावेत. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. फोड फोडू नयेत. पाणी ओतताना बाकीचे अंग कोरडे आणि झाकलेले ठेवावे, लहान बाळ पटकन गारठते. नंतर स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने जखम सैलसर झाकून दवाखान्यात न्यावे. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिय यांवर भाजलेले असेल तर ते कितीही लहान दिसले तरी डॉक्टरांनी पाहायलाच हवे.

एक दुखापत अशी आहे की ती करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. रस्ता ओलांडताना किंवा हट्टाने बसलेल्या मुलाला उठवताना मनगट धरून झटक्याने वर ओढले, किंवा दोन्ही हात धरून गरगर फिरवले, की कोपरातले हाड आपल्या बंधातून किंचित सरकते. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे सहज घडते, कारण तिथला बंध अजून ढिला असतो. मूल क्षणभर रडते, मग शांत होते, पण तो हात अंगालगत धरून ठेवते आणि खेळणे दुसऱ्या हाताने उचलते. सूज नसते, काळेनिळे नसते. डॉक्टर एका हालचालीत ते हाड जागेवर बसवतात आणि काही मिनिटांत मूल हात वापरू लागते. मूल पडलेले असेल किंवा हात सुजलेला असेल, तर हाड मोडले आहे का हे आधी पाहावे लागते. म्हणून इथेही ओढले की पडले, हे खरेखरे सांगणे आवश्यक असते. घरी किंवा ओळखीच्या हाडवैद्याकडून हात ओढून पाहू नये.

नाकातून रक्त आले तर मुलाला पुढे वाकवून बसवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. मान मागे टाकली की रक्त घशात जाते. घशात काही अडकून मूल रडू किंवा खोकू शकत नसेल, तर वर्षाच्या आतल्या बाळाला मांडीवर डोके खाली करून पालथे धरावे, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्यावेत, आणि वस्तू निघेपर्यंत हे करत राहावे. दिसत नसताना घशात बोट घालू नये. हे वाचून येत नाही, सांभाळणाऱ्या प्रत्येकीने ते एकदा कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यायला हवे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

प्रथमोपचार सुरू असतानाच किंवा लगेच नंतर आईबापांना फोन करावा. त्यात काय झाले, किती वाजता, आता मूल कसे आहे आणि आपण काय केले, एवढेच सांगावे. "थोडंसं लागलंय, काळजी करू नका" यातून काहीच कळत नाही. त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, जागा, कोण हजर होते आणि काय केले हे लिहून सांभाळणाऱ्या बाई आणि पालक या दोघांच्या सह्या घ्याव्यात. जखमेचा फोटो काढून ठेवावा.

पालकांनी यातले आपले काम ओळखावे. मावशी फोन करायचे टाळतात, कारण त्यांना बोलणी खाण्याची आणि काम जाण्याची भीती असते. पहिल्या फोनवर आरडाओरडा झाला, तर पुढच्या वेळी फोन येत नाही. "मावशी, जसं झालं तसं सांगा, आधी त्याला दवाखान्यात नेऊ, बाकीचं मागाहून बोलू," एवढ्यावर बोलणे थांबवावे. दुसऱ्या दिवशी शांतपणे बसून मूल कुठे होते, त्या वेळी बाईंच्या अंगावर किती मुले होती, दिवाणाला कठडा का नव्हता, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. चूक कबूल करून कठडा बसवणारी बाई राखण्याजोगी असते. हकीकत दरवेळी बदलणाऱ्या बाईंकडे मूल ठेवू नये.

रुग्णालयात डॉक्टर कधी कधी प्रकरण वैद्यकीय-कायदेशीर म्हणून नोंदवतात. तो कोणावरचा आरोप नसतो, त्याला विरोध करू नये. केस पेपर, एक्स-रे आणि बिले जपून ठेवावीत.

काही खुणा मात्र अपघाताच्या नसतात. अजून न रांगणाऱ्या बाळाच्या अंगावरचे काळेनिळे डाग, कान, गाल, पाठ, कुल्ले यांवरचे वळ, बोटांच्या खुणा, सरळ कडा असलेला भाजल्याचा डाग, सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम दिसली, की मूल तत्काळ तिथून हलवावे. २०१६ साली नवी मुंबईतल्या खारघरमध्ये एका पाळणाघरातल्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली होती, म्हणून ती उघड झाली. अशा वेळी पोलिसांकडे किंवा मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर तक्रार करता येते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार सांभाळण्यासाठी सोपवलेल्या मुलाला मारहाण करणे किंवा हेतुपुरस्सर दुर्लक्ष करणे हा गुन्हा आहे, आणि तो मुलांची देखभाल करणाऱ्या संस्थेतल्या व्यक्तीने केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मूल ठेवण्याआधी स्वयंपाकघराला अडसर आहे का, खिडक्यांना गज आहेत का, बाथरूममध्ये भरलेली बादली उघडी असते का, हे स्वतः फिरून पाहावे. वेळ न सांगता एकदा जावे. पाळणाघराला एका कागदावर आईबापांचे व आणखी एका नातेवाइकाचे फोन, मुलाचा रक्तगट, वजन, ॲलर्जी, लसीकरणाच्या तारखा, जवळचे रुग्णालय आणि आईबाप पोचण्याआधी उपचार सुरू करण्याची लेखी संमती द्यावी. हा कागद कपाटात न ठेवता फोनजवळ भिंतीवर लावावा, आणि मुलाचे वजन वाढले की त्यावरचे वजनही बदलावे, कारण तापाच्या साध्या औषधाची मात्रासुद्धा वजनावरून ठरते.