बरणीतले तळे

मत्स्यपात्र हा काही श्रीमंतांचाच छंद नव्हे. उचगावातील साध्या घरातही ते अल्प खर्चात उभे राहते. मात्र घाई केली, तर मासे दगावतात.

१० लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तळाशी धुतलेली वाळू ५ सेंटिमीटर पसरून तीत हायड्रिला लावा. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवा, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाईल; मगच ते ओता. बरणी उजेडात ठेवा, कडक उन्हात नको.

आता थांबा! माशांच्या उत्सर्गातून विषारी अमोनिया निर्माण होतो. वाळूतील जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. ते वनस्पतींचे खत होय. हे जीवाणू वाढावेत म्हणून महिनाभर अधूनमधून चिमूटभर मत्स्यखाद्य टाका. नंतर दोनच गप्पी नर सोडा.

दोनच का? २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. शिवाय रात्री वनस्पतीही तो वापरतात.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, गोगलगायी व पाणवनस्पती यांचा असाच मेळ दाखवला होता. तुम्हीही पाहा: दुपारी पानांवरून किती बुडबुडे सुटतात? आणि संध्याकाळी?