शून्यावर काय आहे?

खासबाग, बेळगाव

चि. बाळास,

फोनवर तू नुसतं हां-हूं करतोस, म्हणून मावशीच्या मुलाच्या हाती हे पत्र देतोय. काल रात्री ताईचा फोन आला. तुझ्या संगणकावर मोठाले आकडे दिसले म्हणे, दहा, नऊ, आठ असे उतरत जाणारे. काय आहे विचारलं तर तू दार लावून घेतलंस. आणि निपाणीत कुणीतरी तिच्या कानात भरवलंय की असले उलटे आकडे मोजणारे खेळ पोरांच्या जिवावर उठतात. मला एवढंच सांग, शून्यावर काय आहे?

सेकंड पीयूसीचं वर्ष आहे. दाजींच्या मागे ताईने काय काय सोसलंय ते तू पाहिलंयस. तिला असं दाराबाहेर उभं करावं?

मी शेजारच्या पोराला बोलावून तू खेळतोस तो माइनक्राफ्टचा खेळ बघितला. त्यातली रेडस्टोनची लाल धूळ पंधरा ठोकळ्यांपर्यंतच जोर नेते, पुढे रिपीटर लागतो. एक रिपीटर फार तर 0.4 सेकंद थांबवतो, म्हणून एका सेकंदाला तीन लावायचे: चार, चार आणि दोन दशांशांचे. आकडा सात पट्ट्यांचा. नवावरून आठावर येताना एकच पट्टी नवी पेटते, आठावरून सातावर येताना मात्र चार विझतात. कुठली पट्टी कधी पेटवायची, कधी विझवायची, हे सगळं तू एकट्याने बसवलंस?

अरे, जकार्डचा माग याच हिशोबाने चालतो. पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्सातल्या जकार्डने 1804 च्या सुमारास हे बसवलं आणि पुढे गणकयंत्रवाल्यांनी भोकांचे पत्ते तिथूनच उचलले. नक्षी पत्त्यावर उतरवायला शिकायची मला फार हौस होती. आबांना कधी बोललो नाही. एक वर्ष असं गेलं की मागावर बसायचो, जेवायचो, पण मनातलं कुणाला सांगत नव्हतो. मनात काय काय येऊन गेलं ते आजही लिहवत नाही. घरात कुणाला पत्ता लागला नाही. म्हणून तुझं दार बंद आहे म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तेव्हा पुन्हा विचारतो, शून्यावर काय आहे? शेजारचं पोरगं म्हणतं, फटाके उडत असतील नाहीतर एखादं दार उघडत असेल. तसंच असेल तर किती बरं! आईला शेजारी बसवून दाखव. तिला रेडस्टोन कळणार नाही, पण आकडे वाचता येतात. शून्य झाल्यावर तू हसलेला दिसलास की तिला पुरे.

वर रागाने लिहिलं ते मनात धरू नकोस. परीक्षेचं आपण बघू, एखादा पेपर मागेपुढे झाला तरी मी आहे. रविवारी सकाळच्या बसने येतोच. मला सगळं पहिल्यापासून दाखव, चुकलेलंसुद्धा. पण त्याआधी मनावर काही ओझं असेल तर रात्री कितीही वाजता फोन कर. मागाच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही, म्हणून कालपासून फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवतोय. थरथरला की कळतं.

तुझा मामा