फळी आधी पडद्यावर, मग करवतीखाली

फर्दापुरात अजिंठ्याच्या पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आणि त्यांत कपाटं बसवायची, तर प्लाय जळगावहून आणा नाही तर संभाजीनगरहून. एकीकडे 60 किलोमीटर, दुसरीकडे 100 च्या आसपास. एक शीट कमी पडली की तिच्या किमतीवर टेम्पोचं भाडं पुन्हा. म्हणून फळ्यांचा हिशेब आधी कॉम्प्युटरवर करून घ्यावा.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. स्केचअपची ब्राउझरमधली मोफत आवृत्ती फक्त घरगुती वापरासाठी आहे, आणि तिच्यात जादा एक्स्टेन्शन चालत नाहीत. खोल्या भाड्याने देणार असाल तर फ्रीकॅड घ्या. ते धंद्यासाठीही मोफत आहे. शिकायला मात्र जड जातं.

7 फूट उंच, 4 फूट रुंद कपाट धरा: 2100 × 1200 मिलिमीटर. प्रत्येक फळी वेगळी काढा, तिला नाव द्या. शीट 2440 × 1220 ची. खोली 600 ठेवली तर दोन्ही बाजू एका शीटमध्ये बसतात, दोन शटर दुसरीत, वरची-खालची फळी आणि दोन कप्पे तिसरीत. पाठीला 6 मिमीची एक शीट वेगळी.

आता खोली पुरती 24 इंच, म्हणजे 610 करून पाहा. ब्लेड एक सूत, म्हणजे 3 मिमी लाकूड खातं. दोन बाजूंचे झाले 1223, आणि शीट तर 1220 ची! घाईतला मिस्त्री इथे चौथी शीट मागवतो. पण एक बाजू आणि 597 चं एक शटर शेजारी लावलं तर 1210 मध्ये काम भागतं. कप्पे 580 खोल ठेवा, म्हणजे तीनच शीट पुरतात. पडद्यावर फळ्या फिरवून पाहण्याचा फायदा हाच.

समजा प्लायचा दर चौरस फुटाला 100 रुपये आहे. 32 फुटांच्या एका शीटचे 3200, 18 टक्के जीएसटी धरून 3776. तीन शीटचे 11,328. सनमायका, बिजागऱ्या, मजुरी वेगळी. मजुरी बहुधा दर्शनी चौरस फुटावर ठरते. इथे 28 फूट. आतले कप्पे त्यात धरलेत का, ते आधीच विचारा.

फसगत होते ती जाडीत. 18 मिमीच्या बाजूला दोन्हीकडून 1 मिमी सनमायका लागला की ती 20 होते. मग आतला कप्पा 1164 नव्हे, 1160 चा. दुकानात आलेली शीट मोजून घ्या, छापील आकड्यावर जाऊ नका. शटरच्या सनमायक्याला लाकडाच्या रेषा असतील तर त्या फळ्या आडव्या फिरवू नयेत. सॉफ्टवेअरला तसं सांगावं लागतं, नाही तर ते जागा वाचवण्यासाठी खुशाल फिरवतं.

पहिल्या दोन शीटमधून प्रत्येकी साधारण 337 मिमी रुंद, 4 फूट लांब तुकडा उरतो. ड्रॉवरचे दर्शनी भाग त्यातून निघतात. कापण्याच्या यादीत हे तुकडेही लिहा आणि मिस्त्रीकडून मोजून घ्या.