छातीचें दुखणें आणि त्याची परीक्षा

छातींत कळ आली म्हणजे आपल्याकडे कांहीं लोक 'पित्त झालें' म्हणून ओवा खाऊन निजतात, तर कांहीं थेट सर्वांत महाग तपासणी मागतात. हे दोन्ही मार्ग आम्हांस घातक वाटतात.

हृदय, फुप्फुसें, महारोहिणी, अन्ननलिका, बरगड्या व स्नायू या सर्वांचें दुखणें छातींतच जाणवतें. म्हणून आधीं प्रश्न ठरवावा व मग साधन निवडावें.

पहिला प्रश्न, हृदयाचा रक्तपुरवठा अडला आहे काय? याचें उत्तर प्रथम ई.सी.जी. आलेखांत व रक्ताच्या तपासणींत शोधतात. रोगी रुग्णालयांत पोंचल्यापासून १० मिनिटांच्या आंत आलेख काढावा, असा वैद्यकाचा दंडक आहे. पहिला आलेख निर्दोष निघाला तरी शंका असल्यास तो पुनः काढतात.

पुढें चित्रांची पाळी येते. रंटगेन यांनीं १८९५ सालीं शोधिलेल्या क्ष-किरणांच्या साध्या चित्रांत न्यूमोनिया आणि फुप्फुसाभोंवतीं साचलेली हवा किंवा पाणी दिसतें. हृदयाच्या रोहिणींतील अडथळा मात्र दिसत नाहीं. सोनोग्राफीप्रमाणेंच ध्वनिलहरींवर चालणाऱ्या 'इको'नें हृदयाच्या भिंती व झडपा हालतांना दिसतात, आणि त्यांत किरणांचा धोका नसतो. फुप्फुसाच्या रोहिणींत रक्ताची गुठळी अडकली किंवा महारोहिणी फाटली असा संशय असल्यास शिरेंत औषध टोंचून सी.टी. स्कॅन करितात. मात्र छातीच्या सर्वसाधारण स्कॅनमध्यें साध्या चित्राच्या ५० पटींहून अधिक किरण अंगीं लागतात, आणि तें औषध दुर्बळ मूत्रपिंडांस बाधूं शकतें. सारांश, महाग तपासणी हीच योग्य तपासणी, असें नव्हे.

नांदेड येथें १९८८ सालीं व लातूर येथें २००२ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. परंतु किनवट, देगलूर, उदगीर किंवा निलंगा येथील रोग्यानें स्कॅनच्या शोधांत शहर गांठण्यांत वेळ दवडूं नये. १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा आणि जेथें आलेख निघतो असें जवळचें रुग्णालय गांठावें. मधुमेही व वृद्ध यांची कळ सौम्यही असते, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

विद्यार्थिमित्रांनो, घरांत असा प्रसंग आल्यास कळ केव्हां उठली, कोठें पसरली, घाम किंवा धाप आहे काय, हें नीट पाहून डॉक्टरांस सांगा. योग्य परीक्षेची निवड त्या उत्तरांपासूनच सुरू होते.