बुडणाऱ्याला वाचवतो तो श्वास

२१ मे २०२४ ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनी धरणाच्या फुगवट्यात वादळी वाऱ्याने उलटली. दोन लहान मुलांसह सहा जण गेले. होडीतील एक पोलीस अधिकारी तेवढे पोहत काठाला लागले. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यातील सुगाव येथे, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. दुसऱ्यांना वाचवणे हेच त्यांचे काम होते.

उजनीचा हाच फुगवटा आपल्या दौंड तालुक्यात खानोटा, राजेगावपर्यंत येतो. शिरूरला घोडनदी आणि चिंचणीचे धरण आहे, रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि शेतोशेती विहिरी व शेततळी आहेत. सुट्टीत आपण अलिबागला, एलिफंटाला होडीतून जातो. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. त्या अपघातात १५ जणांचा जीव गेला, पण जवळच्या बोटी तातडीने धावल्यामुळे शंभराच्या आसपास माणसे वाचली. पाणी समुद्राचे असो वा विहिरीचे, माणसाचे शरीर त्यात सारखेच वागते. म्हणून पाण्यात पडल्यावर काय करायचे, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

पडल्याबरोबर काय होते?

अचानक गार पाण्यात पडले की शरीर आपोआप मोठा श्वास ओढते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट श्वासनलिकेत जाते. मग धाप लागते, छाती धडधडते, हातपाय सैरभैर होतात. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. माघातली विहीर किंवा पहाटेचा कालवा यासाठी पुरेसा गार असतो. हा झटका साधारण एक ते तीन मिनिटांत ओसरतो, म्हणून तेवढा वेळ तोंड पाण्याबाहेर ठेवणे एवढेच आपले काम.

त्यासाठी पोहू नका, तरंगा. डोके मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, तोंड आभाळाकडे करा, हातपाय सैल पसरून हळूहळू हलवा. अंगावरचे कपडे घाईने काढू नका. त्यांत थोडी हवा अडकते आणि पुढे ऊबही टिकते. जड बूट मात्र जमल्यास काढा. साडी किंवा लुंगी पायांत गुंतत असेल तर आधी पाय मोकळे करा. श्वास जागेवर आला की मगच हाक मारा, आधार शोधा, काठ जवळ असेल तर तिकडे सरका. नदीला ओढ असेल तर प्रवाहाविरुद्ध जोर लावू नका, प्रवाहाबरोबर तिरके काठाकडे या.

भर समुद्रात पडल्यास

मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवले. त्यांतले कित्येक जण लाइफ जॅकेटच्या आधाराने तासन् तास लाटांत तरंगत होते. लाइफ जॅकेट अंगात असेल, त्याचे पट्टे आवळलेले असतील, तरच त्याचा उपयोग. बाकाखाली ठेवलेले जॅकेट होडी उलटल्यावर हाती लागत नाही.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची ऊब खेचून घेते. म्हणून दूर गेलेल्या होडीमागे पोहत दमू नका. जॅकेट असेल तर गुडघे पोटाशी घ्या, हात छातीशी धरा आणि पाठ लाटांकडे करा. अनेक जण असाल तर एकमेकांना बिलगून राहा, मुलांना मधे घ्या. जॅकेटची शिट्टी वाजवा. तहान लागली तरी समुद्राचे पाणी पिऊ नका. त्यातले मीठ शरीरातलेच पाणी ओढून घेते.

होडीत असलेल्यांपैकी एकाने पडलेल्या माणसावरची नजर अजिबात न हटवता बोटाने दिशा दाखवत राहावे. लाटांत माणसाचे डोके क्षणात दिसेनासे होते. दुसऱ्याने तरंगणारे जे हाती येईल ते त्याच्याकडे फेकावे. नावाड्याने जवळ जाताना इंजिनाचा पंखा थांबवावा. समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक चालतो, जमिनीवर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

काठावरून मदत करताना

बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच त्याला सवड नसते. डोके मागे गेलेले, तोंड पाण्याच्या पातळीवर, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असलेले, नजर हरवलेली, ही त्याची खूण. मूल असे गप्प दिसले की लगेच धावा.

पण उडी मारू नका. घाबरलेला माणूस हाती येईल त्याला मिठी मारतो आणि एकाच्या जागी दोघे जातात. काठावर पालथे पडून बांबू, ठिबकची नळी, साडी किंवा पागोटे पुढे करा. दोर फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन किंवा टायरची ट्यूब फेका. शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, पोहता येणाराही वर चढू शकत नाही. म्हणून तिथे गाठी मारलेला दोर कायम बांधून पाण्यात सोडलेला असावा.

बाहेर काढल्यावर

बराच वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाला शक्यतो आडवेच उचला आणि आडवेच ठेवा. पाण्याचा दाब अंगावरून एकाएकी गेला की रक्तदाब कोसळतो. वाचलेली माणसे शिडी चढताना किंवा बोटीत उभी राहताना दगावल्याची उदाहरणे आहेत.

आपल्याकडे बुडालेल्याला पालथे घालून पोट दाबतात, पाय धरून उलटे करतात. हे कृपया थांबवा. त्याने पोटातले पाणी व अन्न घशात येऊन फुप्फुसात शिरते आणि मोलाचा वेळ वाया जातो. बुडालेल्याचे हृदय बंद पडते ते प्राणवायू संपल्यामुळे. त्याला सर्वांत आधी हवा हवी.

हाक मारून, खांदा हलवून पाहा. प्रतिसाद नसेल तर उताणे झोपवा, कपाळ मागे व हनुवटी वर करा आणि १० सेकंद श्वास पाहा. श्वास नसेल किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. प्रत्येक श्वासाला छाती वर आली पाहिजे. मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून ३० वेळा दाबा, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसात निदान ५ सेंटिमीटर खोल. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. लहान मुलाची छाती जाडीच्या एक तृतीयांश दाबा. तान्ह्या बाळाची छाती दोन्ही हातांच्या कवेत घेऊन दोन अंगठ्यांनी दाबा आणि नाक-तोंड दोन्हींवर तोंड ठेवून हलकी फुंकर द्या. तोंडातून फेस आला तर पुसत बसू नका, चालू ठेवा. उलटी झाली तर कुशीवर करून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा, ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळा. अंग चोळू नका, दारू पाजू नका.

‘आता बरा आहे’ म्हणून घरी नेऊ नका

नाकातोंडात पाणी गेलेल्या प्रत्येकाला दवाखान्यात दाखवा. फुप्फुसात शिरलेले पाणी पुढच्या काही तासांत सूज आणते, आणि आपल्या नद्यांचे पाणी घाण असल्याने न्यूमोनियाचाही धोका असतो. साधारण सहा ते आठ तास देखरेख लागते. खोकला थांबत नाही, श्वास भरभर चालतो, ओठ निळसर पडतात, मूल सुस्त होते किंवा पुढच्या दिवसांत ताप येतो, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी निघा.

आजच करण्यासारखे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली. यांतले बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. मुलांना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून का होईना, पोहायला शिकवा. आणि त्याआधी तरंगायला शिकवा. फिट येणाऱ्याला एकट्याने पाण्यात जाऊ देऊ नका. दारू पिऊन कोणीच उतरू नये. वारा सुटला की होडीत बसू नका, आणि जॅकेट मिळाल्याशिवाय होडी सुटू देऊ नका. नावाड्याला तसे सांगण्यात संकोच कसला?

गावच्या ग्रामसभेत एक विषय मांडा: प्रत्येक पाणवठ्यावर दोर व कॅन, आणि शाळेत, तरुण मंडळात श्वास देण्याचे प्रशिक्षण. शिकवायला तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना बोलवा. रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची मिनिटे काठावर उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात असतात. त्या हातांना काय करायचे ते माहीत असू द्या.