निळा पडदा दिसतोय? आधी रॅम तपासा

प्रश्न : आमचे ऑनलाइन अर्ज भरण्याचे केंद्र आहे. ऐन पीक विम्याच्या गर्दीत संगणक निळा पडदा दाखवून रीस्टार्ट होतो. विंडोज नव्याने टाकले, तरी तेच. मेकॅनिक मदरबोर्ड बदलायला सांगतो.
– एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : मदरबोर्डवर पैसे घालण्याआधी रॅम तपासा. रॅम खराब असेल, तर कॉपी होतानाच फाइल बिघडू शकते. मग विंडोज कितीदा टाकले तरी उपयोग नाही.

आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. मग 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवा. त्यात दोष दिसला नाही, तरी 'मेमटेस्ट८६+' हे मोफत सॉफ्टवेअर रिकाम्या पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करा. ते रॅममध्ये ठरावीक आकडे लिहून परत वाचते; फरक पडला की एरर दाखवते. रात्री केंद्र बंद करताना चाचणी लावून ठेवा. मध्येच लाइट गेली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एकही एरर खपवून घेऊ नका. आली, तर विजेची वायर काढून रॅमच्या सोनेरी पिना खोडरबराने हलकेच पुसा आणि एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. एकाच स्टिकला एरर येत असेल, तर ती बदला, वॉरंटीही पाहा. एका स्लॉटमध्ये प्रत्येक स्टिकला एरर आली, तर मात्र मेकॅनिकचा संशय खरा असू शकतो. सगळे ठीक निघाले, तर पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क तपासून घ्या.