भ्रमणध्वनीची घंटा : घरच्या स्वरांची

भ्रमणध्वनीची घंटा, जिला आपण सर्व रिंगटोन म्हणतों, ती आतां घरोघरीं वाजते. परंतु ती स्वतः तयार करणारा विद्यार्थी विरळा. नोकियाच्या यंत्रांतून १९९४ पासून वाजूं लागलेली प्रसिद्ध धून म्हणजे स्पेनचे गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ सालच्या रचनेंतील अवघ्या तेरा स्वरांचा तुकडा होय. परदेशचे तेरा स्वर जर आपल्या खिशांत राहिले, तर आपल्या परभणी जिल्ह्याचे कां नसावे? संत जनाबाईंचें गंगाखेड येथलेंच. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनीं जात्यावरच्या एक लक्षाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांत पूर्णा तालुक्यांतील ताडकळसच्याही आहेत. गिरणी आली, जातीं थांबलीं, आणि ज्या आजीबाईंस ओव्या मुखोद्गत आहेत त्या दरवर्षीं कमी होत आहेत. म्हणून या पाठास आजीची एक ओवीच घेऊं.

प्रथम आजीची अनुमति घ्यावी. ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नव्हे. ओवी पहांटे, घराच्या चार भिंतींत म्हटलेली असते. तींत माहेरचें, भावाचें, कधीं गेलेल्या लेकराचें नांव असतें. तें एस्. टी. स्थानकावर वाजलेलें तिला रुचेल कीं नाहीं, हें तिनेंच ठरवावें.

ध्वनिमुद्रण पहांटेच करावें; तेव्हां रस्त्यावर वाहनें नसतात. पंखा बंद ठेवावा. यंत्र तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित् बाजूला धरावें. अगदीं समोर धरल्यास श्वासाचा फूत्कार उमटतो. जातें फिरत असेल तर त्याची घरघर यंत्रांत फारशी वाजणार नाहीं, कारण भ्रमणध्वनीचा इवलासा कर्णा खालचे स्वर नीट काढूं शकत नाहीं. आपला कान सेकंदास दोन ते पांच हजार कंपनांच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. याच कारणानें पखवाजाची घंटा गर्दींत हरवते, टाळाची हरवत नाहीं.

मुद्रण झाल्यावर त्याची एक प्रत निराळी ठेवावी, आणि मगच दुसरीस कात्री लावावी. आरंभींचा शांत भाग पूर्ण काढावा. पहिलें अक्षर तत्काळ ऐकूं आलें पाहिजे. लांबी किती? दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१९ मध्यें उत्तर न दिलेल्या भ्रमणध्वनीची घंटा ३० सेकंद वाजावी असें ठरविलें; त्याहून लांब तुकडा व्यर्थ होय. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची, तेव्हां ती सहज मावते. शेवट हळूहळू मंद करावा. अँड्रॉइड यंत्रांत सेटिंग्जमध्यें ध्वनि, मग रिंगटोन, येथें आपली फाइल निवडतां येते. आयफोनवर गॅरेजबँड या साधनानें हें काम होतें.

चित्रपटगीतें कापून घंटा करणारे पुष्कळ आहेत. तीं गाणीं कोठेंही पुन्हा मिळतील. आजीच्या संपूर्ण मुद्रणाच्या फाइलीस मात्र तिचें नांव, गांव व तारीख द्यावी, आणि एक प्रत घरांतील दुसऱ्या यंत्रांतही ठेवावी.